शून्यांची वही

नेमसिंग पाटकरी कोरड्या कालव्यात उतरून मेलेल्या बायकोला पाणी पाजतो, ही बातमी गावात पारुबाईनं आणली. बातमी सांगताना पारुबाई आधी पदर तोंडाला लावते, मग डोळे मोठे करते. "म्या सवताच्या डोळ्यांनी पायलं बाई! तांब्यानं पाजून राहिला. वर म्हणतो, 'तापू नगं.' जिवनबाई तिथंच बुडाली ना!"

यातला तांब्या खरा, पाणीही खरं. जिवनबाई मात्र बुडाली नव्हती. ती काविळीनं गेली, तीही माहेरी. आणि 'तापू नगं' हे तिला नव्हतं, एका पट्टीला होतं.

२००२च्या हिवाळ्यात कळमनुरीच्या पुढं, जिथून शेतांकडं चारी फुटते तिथं, इंजिनिअरिंग कॉलेजातल्या निता मॅडम जीपमधून उतरल्या. त्यांनी वाहत्या कालव्यात लोखंडी गज रोवला आणि त्याला वीतभर लांबीची पातळ, चंदेरी प्लास्टिकची पट्टी बांधली. पाण्यात ती मासोळीसारखी वळवळायची. वाकली की तिच्यात कणभर वीज तयार व्हायची. ती वीज तारेतून काठावरच्या डबीत साठायची आणि पुरेशी साठली की डबीवरचा लाल दिवा एकदा लुकलुकायचा.

"काका, रोज सकाळी दहा मिनिटं मोजायचं हं, किती वेळा लागतो ते. एकही दिवस चुकवायचा नाही. आणि फार तापली की ही पट्टी मरते, जपा हं!" मॅडमचं 'हं' नाकातून यायचं. कालव्याला सोडलेल्या पाण्याची पाळी संपली की येते म्हणाल्या, पाणी वाटणाऱ्या नेमसिंगच्या हातात वही दिली आणि गेल्या.

त्या पाळीत दिवा पन्नास-साठदा लागायचा. पाळी संपली, मॅडम आल्या नाहीत. नेमसिंग कोरड्या कालव्यापुढं दहा मिनिटं बसला आणि लिहिलं, शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. मॅडमला पाळीपुरतेच दिवस म्हणायचे असतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पुढं धरण भरलं नाही. पाणी होतं तेव्हा शेतकरी निदान भांडायला तरी यायचे. आता शिवी द्यायलाही कोणी फिरकेना. त्याचा तांडा तीन कोसांवर, पोरगी पुजा सेनगावकडं दिलेली. ती म्हणायची, "बा, काहून एकला बसून राहिला तिथं? इकडं ये." हा म्हणायचा, "वही हाय ना."

मॅडमला धाडलेलं कार्ड परत आलं. त्यावर शिक्का होता, सदर व्यक्ती येथे नाही. नेमसिंगनं कार्ड वहीत ठेवलं आणि त्या दिवसाचं शून्य लिहिलं. पट्टी मेली तर वही बंद, आणि वही बंद झाली तर मॅडमला यायचं कारणच उरणार नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून उन्हाळा लागला की तो पट्टीवर गोणपाट टाकायचा आणि दुपारभर आपल्या प्यायच्या माठातलं पाणी त्यावर ओतायचा. असे तीन उन्हाळे गेले.

२००५च्या डिसेंबरात पाणी सुटलं. प्रस्तुत लेखिका तेव्हा त्याच गावात नववीत होती आणि शाळा बुडवून कालव्यावर हजर होती. गज अर्धा बुडाला. पट्टीवर चिखल, वळवळ काही दिसेना.

"मामा, मेली ती. तीन उन्हाळे म्हंजी काय थोडं झालं?"

"लाव पैज."

"लावली. मी जितले तर?"

"तर वही बंद. म्या पुजाकडं जातो."

"अन् तुमी जितले तर?"

नेमसिंगनं वहीवर बोट ठेवलं. "तर पुरी वही वाचून दाखवायची. मॅडमच्या आवाजात."

पाण्यानं चिखल धुतला. पट्टी ताठच. मग शेपटाकडनं हलली, थांबली, पुन्हा हलली. घड्याळात आठ मिनिटं झाली, नऊ झाली. लेखिका मनातल्या मनात त्याचं बोचकं बांधायला लागली होती, तेवढ्यात दिवा लागला. एकदाच, तोही उन्हात नीट दिसला नाही. पण दोघांनी पाहिला.

नेमसिंग हसला नाही. त्यानं वहीत 'एक' लिहिलं, वही लेखिकेच्या मांडीवर ठेवली आणि समोर पाय दुमडून बसला.

ती वाचत गेली. तारीख, शून्य. तारीख, शून्य. ऊन पाठीवर आलं, तशी तिनं हळूच दोन पानं एकदम उलटली.

"मागं जा," नेमसिंग म्हणाला. "सत्तावीस मे राहिला."