हरळीची झोप

दसरा सरला की तो रोज सकाळी मैदानात उकिडवा बसायचा, हरळीत तळवा दाबायचा आणि म्हणायचा, "अजून ऊब हाये." ज्या दिवशी तळव्याला गारवा लागे, त्या दिवशी विळा छपरात खोचून ठेवायचा. "आता इले निजू द्या."

अमरावतीच्या कॅम्पातला हा माळी. मी तिथेच कारकून. साहेबलोक गोल्फ नावाचा खेळ खेळत. काठीने चेंडू दूर हाणत आणि मग त्याच्यामागे चालत जात. त्यासाठी हरळी पोसायची! अहो, जी हरळी वऱ्हाडातला कुणबी शिव्या घालत खणून काढतो, तीच. यानेही अर्धं आयुष्य आपल्या शेतात तेच केलेलं. लोक हसत, तोही हसे. "तवा वैर होतं, आता सोयरीक झाली," म्हणे.

थंडीआधी कापणी थांबवायची, मुळांवर चाळलेली माती नि लेंडीखत पसरायचं, हा त्याचा नेम. एरवी कापलेलं गवत त्याच्या म्हाताऱ्या बैलाला जाई. हिवाळ्यात बैल गायरानात चरे.

त्या वर्षी दूरदेशी कुठेशी लढाई जुंपली आणि कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गायरानसुद्धा नांगरून कापूस पेरला. ज्वारी कमी, त्यामुळे कडबाही मिळेना. बैल मैदानाच्या कुंपणावरून मान टाकून उभा राही. हा त्याला आपल्यातली अर्धी भाकर चारी, गळा खाजवी. "देतो राजा, पर आता नाई."

मला बघवेना. "अरे, चार पेंढ्या काप. कोण पाहून राहिलं?"

"थंडी पाहून राहिली ना, बाबू."

"काहून त्याचा जीव घेतो?"

"आता कापली तं मुळं उघडी पडतीन. मंग फागनात याले काय देऊ?"

पौषात बैल बसला तो उठला नाही. मला त्या माणसाचा फार राग आला होता. आता नुसतं वाईट वाटतं.

फाल्गुनात हरळी अशी फुटली की साहेब खूश. त्याने पहिली कापणी केली, पेंढी बांधली आणि नेहमीसारखी डोक्यावर घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

मी त्याच्या घरी गेलो. दाराला कडी होती. लेकीकडे अकोटला गेला, शेजारी म्हणाले. तो पुन्हा परतला नाही. गोठ्यात रिकाम्या खुंट्यापुढे ती पेंढी होती. सोडून, हलक्या हाताने पसरलेली, म्हाताऱ्या तोंडाला खायला सोपी जाईल अशी.