नसीम मॅडमचं चित्र तुटत नसे

नसीम शेख कोणतंही यंत्र चालू करण्याआधी त्याची वायर हातात घ्यायच्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीतून सरकवत न्यायच्या, कुठं मुडपली आहे, कुठं पिन सैल आहे ते बघायच्या आणि मगच बटणाला हात लावायच्या. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या लॅब असिस्टंट होत्या आणि मी त्याच संगणक विभागाचा प्रमुख. नेटवर्किंग हा माझा विषय, पीएच.डी. त्यातलीच. त्या वायर चाचपायला लागल्या की मी मुलांकडे बघून किंचित हसायचो. मुलंही हसायची. पण काही अडलं की हाक मात्र मॅडमनाच मारायची.

"आधी वायर बघायची सर, नशिबाचं मंग बघू," त्या म्हणायच्या.

खुलताबादहून रोज एस.टी.नं यायच्या. शिक्षण डिप्लोमापर्यंतचं. नवरा लग्नाचं शूटिंग करायचा; तो वारल्यावर त्याचा घरगुती हँडीकॅम त्यांच्याकडे आला. टाळेबंदीच्या काळात नातेवाइकांना लग्नाला येता येईना, तेव्हा त्या कॅमेऱ्यातून आखाती देशांपर्यंत त्यांनी लग्नं दाखवली होती. मी एकदा विचारलं, हे शिकलात कुठं? म्हणाल्या, "भीतीनं शिकले सर. निकाह एकदाच व्हतो. चित्र तुटलं म्हणून काझीसाहेबांना परत पढा म्हणता येत नाय."

मला हसू आलं होतं. पुढं मात्र या बाईमुळे मला जेवण गोड लागेनासं झालं.

पैठणला काशिनाथ आप्पा नावाचे एक वृद्ध विणकर होते. पैठणीच्या पदरावरची एक जुनी वेल विणायची त्यांची अशी एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती आणि आप्पांची नजर उतरत चालली होती. आमच्या संस्थेच्या वस्त्रकला शाखेतल्या मुलांना ती शिकवायला ते तयार झाले, पण मागाची त्यांची खोली एवढी अरुंद की आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला दारातून बघावं लागे. आप्पांना शहरात येणं झेपणारं नव्हतं. तेव्हा ठरलं, की आप्पांनी पैठणला विणायचं आणि मुलांनी संभाजीनगरला सभागृहात छोटे माग मांडून, पडद्यावर बघत त्यांच्याबरोबर विणायचं. एकेक धागा दिसला पाहिजे आणि मुलानं "आप्पा, थांबा" म्हटलं की हात तिथल्या तिथं थांबला पाहिजे. चित्र उशिरा पोचलं तर उपयोग शून्य.

मी प्राचार्यांना दहा पानी प्रस्ताव दिला. त्यात परदेशी कॅमेरे होते, चित्र पाठवायची खास यंत्रं होती, स्वतंत्र लाइन होती. प्राचार्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "नसीम मॅडम म्हणतात, घरातल्या सामानात होईल."

झालंसुद्धा. नवऱ्याचा हँडीकॅम, कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणारी मुठीएवढी डबी, प्रयोगशाळेतून बाद केलेला संगणक आणि आप्पांच्या शेजाऱ्याकडच्या इंटरनेटवरून गच्चीमार्गे ओढून आणलेली केबल. पहिल्या गुरुवारी सभागृहाच्या पडद्यावर आप्पांची बोटं उमटली. नखातली भेग दिसत होती. जरीला चिकटलेला रेशमाचा तंतू दिसत होता. मागच्या रांगेतली एक मुलगी पुटपुटली, "अगं, श्वास घेतला की धागा हलतोय."

टाळ्या पडल्या. प्राचार्य माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पदवी तुमची, पण काम यांचं!" ते गमतीनं म्हणाले होते. मला मात्र ते वाक्य रात्री अंथरुणात आठवे, दाढी करताना आठवे. मी नसीम मॅडमच्या चुका शोधू लागलो. त्या 'प्रोटोकॉल'ला 'परटोकॉल' म्हणत. साध्या सूत्राची फोड त्यांना करता येत नसे. मी ती मुद्दाम मुलांसमोर विचारली. त्या म्हणाल्या, "मला नाय येत सर. तुम्ही सांगा, मी बी लिहून घेते." आणि खरंच वही काढून बसल्या. त्यांना अपमान झालेला कळला नाही, की कळूनही त्यांनी तो घेतला नाही, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्या दिवशी त्यांचा जितका राग आला, तितका कधीच आला नव्हता.

चौथ्या गुरुवारी आप्पा वेलीचं वळण दाखवणार होते. तोच सगळ्यांत अवघड भाग. नसीम मॅडम पैठणला होत्या आणि मी महाविद्यालयात. तास सुरू झाला तसा मी माझ्या खोलीत जाऊन दार लावलं आणि सभागृहाकडे जाणाऱ्या लाइनचा वेग अगदी कमी करून बांधून टाकला. चार कळा दाबल्या, एवढंच. मग सभागृहाच्या दारात येऊन उभा राहिलो.

पडद्यावर आप्पांच्या बोटांचे चौकोनी तुकडे झाले. मुलं चुळबुळली. माझा फोन वाजला.

"सर, इकडं सगळं ठीक हाय. तिकडं काय बदललं का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

थोड्या वेळानं चित्र परतलं. हात झटक्याझटक्यानं हलत होता, पण प्रत्येक धागा पहिल्यासारखा स्वच्छ. चित्राची स्पष्टता त्यांनी तशीच ठेवली होती आणि सेकंदाला जाणाऱ्या फ्रेम कमी केल्या होत्या. आवाज काढून टाकला होता आणि तो सभागृहातल्या एका मुलाच्या फोनवरून ऐकवत होत्या. फोनच्या स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "आप्पा, हात लई हळू चालवा. मघाचं पोरांना दिसलं नाय."

"नाय दिसलं?" आप्पा म्हणाले. "मंग उसवतो."

आणि सगळ्या सभागृहासमोर त्या म्हाताऱ्यानं विणलेलं वळण उसवायला घेतलं. रेशीम तुटू नये म्हणून एकेक फेरा सोडवत होते. मध्येच थांबून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मी दारात उभा राहून बघत होतो. धावत जाऊन वेग मोकळा करावा, असं एकदा मनात आलं. पण गेलो नाही. मग आप्पांनी वळण पुन्हा विणलं, इतकं सावकाश, की मुलांना पहिल्यांदाच ते नीट कळलं. टाळ्या पडल्या, त्याही नसीम मॅडमनाच. सगळे गेल्यावर मी लाइन मोकळी केली.

ही गोष्ट कुणाला कळली नाही, असं मी धरून चाललो होतो. वर्ष सरत आलं तेव्हा नसीम मॅडमना हैदराबादच्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली. तिथल्या शस्त्रक्रिया दूरच्या डॉक्टरांना शिकण्यासाठी दाखवायच्या होत्या. विभागप्रमुखाचं शिफारसपत्र लागणार होतं, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी मन लावून पत्र लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी ते उभ्या उभ्याच वाचलं.

"सर," त्या म्हणाल्या, "त्या गुरुवारची नोंद मी दुसऱ्याच दिवशी बघितली व्हती. नेटवर्कच्या स्विचमध्ये तुमचं नाव हाय, वेळ हाय."

मी पेन खाली ठेवलं. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही माफी मागितली असती. मंग मला माफी द्यावी लागली असती. मला द्यायची नव्हती."

"आणि आता?"

"आता बी नाय." आवाज चढला नव्हता. "माझं काय बिघडलं सर? माझं चित्र तर पोचलं. उसवलं आप्पांनी. मागायची तर तिकडं मागा."

पत्राची घडी पिशवीत ठेवून त्या गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या हातची खुबानीची, म्हणजे जर्दाळूची, मिठाई दिली. मलाही दिली, आणि इतरांना दिली तेवढीच.

पुढच्या रविवारी मी पैठणला गेलो. आप्पा मागाजवळ बसले होते, पण माग रिकामा होता. नजर आता जवळजवळ गेली होती.

"कोण? नसीमच्या कॉलेजातले का?"

"हो, आप्पा." मी खाली बसलो आणि काय केलं ते सांगितलं. वेग, फ्रेम हे त्यांना समजेल असं नव्हतं. मी म्हणालो, "त्या दिवशी चित्र आपोआप तुटलं नव्हतं. मी तोडलं होतं. तिचा हेवा वाटला म्हणून."

आप्पांनी मागाच्या लाकडावरून हात फिरवला.

"ती हैदराबादला गेली म्हणायची."

"गेली."

"माझ्या हाताला अजून वेल येती. बोटांनी चाचपून विनतो. नव्या पोरांना दाखवायची हाय. आता चित्र कोन धाडनार?"

"मी पाठवीन."

त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवली. "तुम्हाला येतं का ते तिच्यावानी?"

"नाही आप्पा," मी म्हणालो. "तिच्यासारखं नाही येत."