पोळ्यांच्या डब्याचं झाकण

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तरी हाक मारल्यावर वळून पाहत नव्हती. रायपूरच्या समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. कान ठणठणीत होते. मला एवढंच हवं होतं, की तिने एकदा आपणहून माझ्याकडे पाहावं.

घरात उंटावरचे शहाणे कमी नव्हते. रेल्वेतून रिटायर झालेले सासरे म्हणाले, मोबाइलमुळे. नागपूरच्या नणंदबाई म्हणाल्या, "तुमच्या रायपुरात मराठी, हिंदी, छत्तीसगढी, सारी खिचडी! पोट्टी गोंधळून राहिली." नुसतं पाहायला कोणती भाषा लागते, हे मी विचारलं नाही. नणंदेला असले प्रश्न विचारायचे नसतात.

आमच्याकडे पाहुणा आला की लेकराने हात जोडून 'जय भीम' म्हणायचं असतं. त्यात आईची परीक्षा होते. त्यामुळे येणारा प्रत्येक जण तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवी. सासूबाई हाका मारत, सासरे टाळ्या वाजवत, शेजारच्या दीदी खिडकीतून ओरडत. तिचं नाव दिवसभरात इतकं घासलं जाई की शेवटी मलाही ऐकू येईनासं झालं.

थेरपीवाल्या दीदी म्हणाल्या होत्या, "बुलाओ मत. वो जो देख रही है, पहले आप देखो." घरी कोणाला पटलं नाही. थेरपीला न्यायचं मुलीला आणि शिकायचं आईने?

दिराच्या साखरपुड्याला घर भरलं होतं. मुलगी कोपऱ्यात बसून पोळ्यांच्या डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत होती. नणंदबाईंनी सोयऱ्यांसमोर फर्मावलं, "चाल, जय भीम कर!" आणि त्यांचा हात हनुवटीकडे गेला. माझं डोकंच फिरलं. मी नव्या साडीनिशी फरशीवर आडवी झाले आणि झाकण पाहू लागले.

"हिले काय झालं वं?" सासूबाई म्हणाल्या.

झाकण थरथरत थांबलं. खरंच मजेदार थांबायचं ते. मुलीने पुन्हा फिरवलं. मग नजर उचलून तिने माझ्याकडे पाहिलं, मला ते दिसलं का, हे बघायला. मला रडू आलं.

"पाह्यलं! पाह्यलं न!" नणंदबाई किंचाळल्या. "आता इकडे पाह्य, आत्याकडे!" सगळं घर टाळ्या पिटत तिचं नाव घेऊ लागलं. तिने कान झाकले.

"ताई, चूप बसा," मी सोयऱ्यांदेखत म्हणाले.

नणंदबाई त्या दिवसापासून माझ्याकडे पाहत नाहीत. मुलगी अधूनमधून पाहते.