बस्त्यातला कमांडो

“उस्ताद, ये पहलवान मेरी साड्यां फाड देंगा,” मुनीरभाई माझ्या कानात म्हणाले.

शहागंजातल्या त्यांच्या दुकानात पांढऱ्या गादीवर सोमनाथ मांडी घालून बसला होता. उंची सहा फूट, मान बैलासारखी. समोरच्या बाई त्याला एकेक साडी उघडायला लावत होत्या. बावीस साड्या उघडून झाल्यावर त्या उठल्या. “मला नुसतं अस्तराचं कापड पाहिजे होतं,” म्हणाल्या आणि पलीकडच्या दुकानात गेल्या. सोमनाथचे कान लाल झाले. हातातली साडी त्यानं मुठीत चुरगळली.

“घडी घाल,” मी म्हणालो.

“उस्ताद, मी फौजी हाय.”

“माहीत आहे. घडी घाल.”

फौजी साडीच्या दुकानात कसा आला, ते सांगतो.

मी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ कमांडोंच्या प्रोबेशनवर उस्ताद म्हणून. उस्ताद म्हणजे शिकवणारा, आणि प्रोबेशन म्हणजे चाळणी. आधीच फौजेत असलेले जवान स्वतः होऊन येतात आणि आम्ही त्यांना काही महिने असं वागवतो, की त्यांनी स्वतः होऊन परत जावं. पाठीवर पिट्ठू, म्हणजे सामानाची जड पिशवी, देऊन पळवायचं. झोपू द्यायचं नाही. जेवायला बसले की उठवायचं. दमून डोळे मिटायला लागले की गणितं घालायची, आणि उत्तर बरोबर आलं तरी हसायचं. ज्याला नको होईल त्यानं फक्त ‘मी जातो’ म्हणायचं. कोणी रागवत नाही. त्याला चहा देतात आणि गाडीत बसवतात. तो चहा मुद्दाम चांगला करायचो आम्ही.

सुभेदार म्हणून रिटायर झाल्यावर मी इथं भरतीपूर्व क्लास काढला. सोमनाथ माझा पहिल्या बॅचचा विद्यार्थी. दौलताबादजवळ त्याच्या वडलांची पेरूची बाग. फौजेत तीन वर्षं झाल्यावर त्यानं कमांडोसाठी नाव दिलं. गावात पेढे वाटले गेले. सहाव्या आठवड्यात गडी चहा पिऊन बाहेर पडला.

एका सकाळी तो माझ्या दारात उभा.

“काय झालं? पाय?”

“नाय.”

“दम?”

“पळण्यात पहिला होतो.”

“मग?”

तो बुटाकडं बघत म्हणाला, “चिखलात पडलो होतो. तिथल्या उस्तादांनी सगळ्यांसमोर म्हैस म्हणलं. सगळे हसले. मला सहन नाय झालं.”

मलाही हसू आलं. वास्तविक येऊ द्यायला नको होतं. तो उठून निघालाच.

“बस खाली. हेच तपासत होतो,” मी म्हणालो. हे खोटं होतं, पण उपयोगी पडलं.

त्याच्या साहेबांनी त्याला पुढच्या बॅचमध्ये अजून एक संधी दिली होती. या खेपेला बाहेर पडला तर कायमचा जुन्या पलटणीत. मध्ये महिनाभर रजा. घरी त्यानं नुसती रजाच सांगितली होती, बाकी काही नाही.

“मी रोज वाळूची गोणी घेऊन टेकडी चढतो,” तो म्हणाला. “तुम्ही सांगा, अजून काय करू?”

“टेकडी तुला हसत नाही,” मी म्हणालो. “उपयोग काय तिचा?”

त्याच दुपारी मी त्याला मुनीरभाईंकडं नेलं. आमची वीस वर्षांची ओळख. माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नाचे कपडे त्यांच्याकडचे. तिथं बसून मी पाहिलं होतं, की साध्या घरातल्या साध्या बायका दुकानातल्या माणसाची जी अवस्था करतात, ती मला नऊ वर्षांत शिट्टी आणि काठी घेऊन जमली नव्हती.

नियम सोपे ठेवले. आवाज चढवायचा नाही. प्रत्येक साडी मूळ घडीवर परत घालायची. ‘मी जातो’ म्हणालास तर कोणी अडवणार नाही, समोरच्या हॉटेलातून चहा येईल.

पहिला आठवडा वाईट गेला. सोमनाथ घडी घालायचा ती कोणाचा तरी गळा दाबल्यासारखी. त्याची टर उडवायला मुनीरभाईंना मी गुपचूप सांगून ठेवलं होतं, त्यामुळं ते गिऱ्हाइकांसमोरच सुरू व्हायचे. “मोरपंखी मांगी, तो तुम हिरवी निकाले. मिलिटरी में रंग नै सिखाते क्या?” चौथ्या दिवशी एका कॉलेजच्या मुलीनं त्याचा फोटो काढला. पाचव्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला आणि “मी...” म्हणून थांबला. माझ्या बायकोनं त्याच्यापुढं पोहे ठेवले. दोन प्लेट खाऊन तो दुकानात गेला. प्रोबेशनवर पोहे मिळत नाहीत हे मला मान्य आहे, पण बायकोला कोण सांगणार?

तिसऱ्या आठवड्यात एका काकूंनी विचारलं, “ही धुतल्यावर आटंल का हो?”

“काकू, तीन आठवडे रोज माझी धुलाई चाललीय,” सोमनाथ म्हणाला, “मी नाय आटलो. ही काय आटती?”

काकू हसल्या, मुनीरभाई हसले. आणि सोमनाथही हसला. मी मनात एक खूण केली.

रजेचे चार दिवस उरले असताना बस्ता आला. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेणं. चितेगावकडची मंडळी होती. अकरा बायका, आणि पुढारी नवरदेवाची आत्या. दीड तासात साड्यांखाली गादी दिसेनाशी झाली. मी कोपऱ्यात लोडाला टेकून बघत होतो. मग आत्याबाईंनी चिंतामणी रंगाची पैठणी बाजूला काढली.

“ही अंगावर लावून दाखवा.”

साडीवाले स्वतःच्या अंगावर साडी लावून दाखवतात. मुनीरभाईंनी फार उत्साहानं पैठणी सोमनाथला गुंडाळली. निऱ्या काढल्या, पदर खांद्यावर टाकला.

“आता जरा चालून दाखव, भाऊ,” आत्याबाई म्हणाल्या.

सोमनाथ चालला. अकरा बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. “काठ मिशीला शोभतो बरं का,” कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात सोमनाथचे वडील, अण्णा. बरोबर गावातले दोघं. सुतळी घ्यायला बाजारात आले होते, काचेतून पोरगा दिसला.

आता मी काय केलं ते सांगतो. नऊ वर्षं कमांडो तयार करणारा मी, गादीवरच्या लोडामागं आडवा झालो.

“उस्ताद, काइको छुप रहे?” मुनीरभाईंनी मोठ्यानं विचारलं.

सोमनाथचे कान पेटले होते. आता हा पैठणीसकट रस्त्यावर पळणार, असं मला वाटलं. त्यानं घसरलेला पदर नीट केला.

“या अण्णा, बसा. आत्याबाईंची पैठणी ठरू द्या, मग बोलतो.” आणि आत्याबाईंकडं वळून, “काठ बघून घ्या. डाळिंबी पण दाखवू का?”

डाळिंबीही दाखवली. मग चिंतामणीच ठरली. त्यानं ती उतरवली, घडीवर घडी घातली, मुनीरभाईंच्या हातात दिली आणि वडलांसमोर जाऊन उभा राहिला.

“अण्णा, ही नुसती रजा नाय. मी ट्रेनिंग सोडून आलतो. लोक हसले ते मला सहन नाय झालं. तेच शिकायला इथं बसलोय.”

गावातल्या दोघांसमोर बोलला तो हे. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. मग लोडामागून उठत असलेल्या माझ्याकडं.

“सुभेदार, आमच्या पोराला साडी तुम्ही नेसवली?”

“हो.”

“तुम्ही कधी नेसलाव का?”

“नाही.”

“मग नेसा की. आम्ही बघतो.”

मला वाटलं अण्णा चेष्टा करतायत. मुनीरभाईंनी डाळिंबी उघडली सुद्धा. आत्याबाई उठायच्या बेतात होत्या, त्या परत बसल्या. मी नेसलो. चाललोही. अण्णा डोळे पुसेपर्यंत हसले. गावातल्या एकानं व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्या क्लासच्या ग्रुपवर होता. कोणी पाठवला याची चौकशी मी केली नाही. बायकोनं मात्र तो तिच्या बहिणींना पाठवला.

सोमनाथ परत ट्रेनिंगला गेला. मग बरेच महिने काहीच नाही. एका रविवारी फोन आला.

“उस्ताद, पास झालो.”

“तुझ्यापेक्षा दांडगे होते का कोणी?”

“लई होते. गेले चहा पिऊन.”

“तुला हसलं का कोणी?”

“रोज.”

“मग?”

“मग काय? त्यांचं काम हसायचं, माझं पळायचं. दोघंबी आपापलं करत होतो.”

आता क्लासला आई-बाप येतात आणि विचारतात, कमांडो व्हायला काय लागतं? छाती किती, उंची किती, दूध किती प्यायचं? छाती मी वाढवून देतो, पळायलाही शिकवतो. मग विचारतो, चारचौघांत हसं झालं तर तुमचा मुलगा हातातलं काम पुरं करून घरी येतो का? बहुतेक बाप म्हणतात, तसा तो लहानपणापासून स्वाभिमानी आहे. त्यांना मी चांगला चहा पाजतो.