चौथी तार

बाबांना अर्धांगवायू झाल्यानंतरच्या हिवाळ्यात आत्या काटोलहून बसने आली. मांडीवर तिचा जुना रेडिओ.

"दादा, हा मुका झाला गा," ती बाबांना म्हणाली.

आमचं घर विणकरांचं. तरुणपणी बाबा मागावरून उठले आणि सीताबर्डीत त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते म्हातारपणापर्यंत चालवलं. आता उजवा हात लुळा पडला होता. हुडकेश्वरच्या घरी खिडकीपाशी बसून राहायचे, बोलायचे नाहीत.

मी रेडिओ त्यांच्यासमोर ठेवून मागचं झाकण काढलं. आत धातूच्या बारक्या, उंच डब्या उभ्या होत्या.

"हे ट्रान्झिस्टर ना, बाबा?"

"हो." बऱ्याच वेळाने पुढचं आलं, अडखळत. "पहिले काचेचे येत. वरून काळा रंग. रंग खरवडला का उजेड आत जाये, अन् काम बिघडे. मंग ह्या डब्या आल्या."

कित्येक महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. आत्या पुढे सरकून बसली.

"सेल टाक. एकेकाले टिचकी मार."

मी टिचक्या मारत गेले. एका डबीवर रेडिओ खरखरला.

"हाच. डबीच्या आतल्या कथलाच्या मुलाम्याले केसावाणी तंतू फुटतात वं. वर्षानुवर्षं वाढतात. आतल्या तारेले टेकले का आवाज बंद. याले चार तारा हायेत, चौथी नुसती डबीले जोडलेली. ती काप, मंग तंतू टेकले तरी चालन."

"अन् पुरता बिघडला तर?" मी विचारलं.

"मुकाच हाय. अजून काय बिघडन?"

मी कात्रीने तार कापली. आधी खरखर, मग स्पष्ट आवाजात मराठी बातम्या. आत्याने डोळे पुसले. बाबांनी डाव्या हाताने बटण फिरवून आवाज वाढवला आणि बातम्या संपेपर्यंत हात तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातलं सोल्डरिंग आयर्न मागितलं. डाव्या हाताने तारांच्या जोडांना कथलाचे डाग द्यायला लागले; लुळा उजवा हात सर्किटच्या पट्टीवर वजनासारखा ठेवून. पहिले डाग ओबडधोबड पडले, ते स्वतःच त्यांना नावं ठेवत. उन्हाळा लागेपर्यंत त्या उजव्या हाताची बोटं पट्टी धरू लागली होती. गल्लीतले लोक आता बंद पडलेले रेडिओ घेऊन येतात, आणि बाबा आधी विचारतात, "कवापासून मुका हाय?"