बारीक खुंटाचं टर्मिनल

सकाळी चावी फिरवली तर गाडीनं नुसतं ‘टक्’ केलं. परत फिरवली, परत ‘टक्’. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर पिशवी घेऊन मागं बसले होते. म्हणाले, “बघ, मी सांगत होतो. आजचा दिवसच बरा नाही.” त्यांना किती आनंद झालाय ते मागं वळून न बघताही कळत होतं.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मी आणि माझ्या भावानं विनवण्या केल्या, भांडणं केली, अबोला धरून बघितला. ह्यांचं आपलं एकच, “मला सगळं दिसतं.” शेवटी श्रीवर्धनला डोळ्यांचं शिबिर लागलं आणि माझ्या कटकटीला कंटाळून ते एकदाचे हो म्हणाले. दुपारच्या आत पोचलं तर तपासणी आणि लगेच ऑपरेशनची तारीख. आज चुकलं असतं तर हा माणूस पुन्हा म्हणून हो म्हणाला नसता. मी त्यांची मुलगी आहे, मला माहीत.

बॉनेट उघडलं. बॅटरीवर पांढरी-हिरवी पूड साचलेली. समुद्राच्या वाऱ्यावर इथं काही टिकत नाही, लोखंड नाही, पंखा नाही, गाडी नाही. बॅटरीच्या खुंटावर बसणारं, वायरीच्या टोकाचं टर्मिनल जरा हलवलं तर त्याचे दोन तुकडे हातात आले.

शेजाऱ्यांची स्कूटर घेऊन बाजारात गेले. पहिला दुकानदार म्हणाला, “टर्मिनल कशाला, बॅटरीच नवीन घाला ना.” अहो, बॅटरी चांगली आहे! दुसऱ्यानं माझ्या हातातले तुकडे उलटेसुलटे करून बघितले. “बारीक खुंटाचं हाय हे. आपल्याकडं न्हाय. ट्रकचं हाय, देऊ?” गावात दारोदारी माझ्यासारखीच छोटी गाडी उभी, आणि दुकानात काय, तर ट्रकचं टर्मिनल! मी विचारलं, “मग बाकीचे लोक काय करतात?” तो शांतपणे म्हणाला, “ट्रकचंच लावतात. आत कायतरी कोंबायचं ताई.” तिसरा म्हणाला, उद्या पनवेलहून मागवतो. उद्या घेऊन काय चाटायचंय?

झक मारत ट्रकचं घेतलं. घरी येऊन बसवलं, तर ते खुंटावर गोल गोल फिरायला लागलं. पुठ्ठा घातला, चुरगळला. बाबा आता गाडीतून उतरून पायरीवर बसले होते. “राहू दे ग,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी येईल की शिबिर.”

“तुम्ही गप्प बसा हो जरा!” मी ओरडलेच. माझा आवाज सगळ्या आळीनं ऐकला असणार. घामानं पदर चिकटलेला, हाताला काळं, आणि ह्यांना पुढचं वर्ष सुचतंय.

शेजारच्या कोळीण मावशी ओटीवर फाटकं जाळं सांधत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. “शिसं घाल की आत,” म्हणाल्या, आणि जाळ्याचं एक वजन तोडून माझ्याकडे फेकलं. आमच्याकडे जाळ्याचं शिसं कशालाही चालतं. पडदा उडू नये म्हणून खाली बांधतात, भिंतीला ओळंबा म्हणून सोडतात. मी ते वरवंट्यानं ठोकून पातळ केलं, खुंटाभोवती गुंडाळलं, वरून टर्मिनल आवळलं. चावी फिरवली. झाली की चालू! “आता पोचेपर्यंत बंद नको करू हां,” मावशींनी बजावलं.

“बंद कशाला करतेय!” मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं आणि बाबांना गाडीत कोंबलं.

आगरदांड्याला गाडी जंगलजेटीवर, म्हणजे आमच्या फेरीबोटीवर चढवली. अगदी पुढं जागा मिळाली, म्हणजे खाडीपलीकडे दिघीला पहिली आपलीच सुटणार. तेवढ्यात खलाशी आला. “ताई, इंजिन बंद करा.” ह्या खाडीवरून मी आयुष्यभर ये-जा करतेय, प्रत्येक वेळी इंजिन बंद करतेय, आणि आज तेवढंच डोक्यातून गेलं होतं!

“बंद केली तर परत चालू व्हायची नाही हो.”

“चालू ठेवलीत तर बोट निघायची न्हाय.”

केली बंद. दिघीला बोटीची उतरायची फळी खाली पडली, मी चावी फिरवली. टक्. मागून भोंगे सुरू झाले. “ओ ताई, काढा ना गाडी!”

“काढते हो! हौस म्हणून उभी नाहीये इथं!”

बॉनेट उघडलं तर शिसं घसरून खाली आलेलं. टर्मिनल कुणीतरी वरून दाबून धरलं तर काम भागणार होतं. “बाबा, उतरा. हे लाल टोपणाचं दाबून धरा, मी चावी मारते.”

बाबा आले, वाकले. त्यांचा हात बॅटरी सोडून भलतीकडेच गेला.

“ते नाही, बाबा. लाल.”

हात पुढे गेला, पाइपावर अडला, मागे आला. टोपणावर लख्ख ऊन पडलं होतं. बाबांनी तोंड माझ्या कानाशी आणलं आणि मागच्यांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू विचारलं, “लाल कुठाय ग?”

माझा सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला. नुसती भीती वाटली. इतकं दिसत नव्हतं त्यांना, आणि हा माणूस रोज एकटा विहिरीवर जात होता, रस्ता ओलांडत होता. मी त्यांचा हात धरला, टर्मिनलवर ठेवला आणि म्हटलं, “इथं. दाबा.”

गाडी चालू झाली. बाबा चाचपडत दारापर्यंत आले, पण मागं नाही बसले, माझ्या शेजारी बसले. फळीवरून गाडी दिघीच्या रस्त्याला लागली. मग बाबा पिशवीचे बंद घट्ट धरून, समोर बघत म्हणाले, “जरा दामट की गाडी. डॉक्टर निघून जातील.”