तिसरीचा वर्ग खाली आला

शाळेतली तीनशे मुलं तिला मावशी म्हणायची. घंटा देणारी मावशी, जिने झाडणारी मावशी, खरचटलेले गुडघे धुणारी मावशी. तिला आत्या म्हणणारी जगात एकच होती, आणि नेमकी तिलाच त्या शाळेत जागा नव्हती.

ही भाची आठ वर्षांची. घरात सगळे तिला वकीलबाई म्हणत, तेही अहोजाहो करून. पाय तिचं अजिबात ऐकत नसत, हात अर्धंमुर्धं ऐकत, आणि जीभ प्रत्येक शब्दाला अडून बसे. पण सुरू केलेलं वाक्य संपल्याशिवाय वकीलबाई समोरच्याला उठू देत नसत. कुणी मदत म्हणून त्यांचा शब्द पुरा करायला गेलंच, तर त्या डोळे वटारून थांबत आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. बाप सायकली दुरुस्त करायचा. त्याने जुन्या सायकलींची चाकं जोडून लेकीला खुर्ची करून दिली होती. अक्षरं मात्र आत्याने शिकवली, शाळेच्या रद्दीतून पुस्तकं उचलून. पहिली आणि दुसरी वकीलबाईंनी घरबसल्या फस्त केली.

आता तिसरी. मावशी रीतसर अर्ज घेऊन मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, केबिनमध्ये उभी राहिली. बावीस वर्षांत चहाचा कप आणि रजेचा अर्ज सोडून तिने तिथे दुसरं काही नेलं नव्हतं.

"अहो मावशी, मी नाही म्हणतेय का?"

"मग हो म्हणा की."

"तसं नसतं हो. तिसरीचे वर्ग वर. जिने तुम्हीच झाडता ना? शिवाय चाळीस मुलांत ही एकच अशी. शिक्षिकेने हिच्याकडे बघायचं की वर्गाकडे? अशा मुलांची वेगळी शाळा असते. तिच्या भल्याचंच सांगतेय."

"ती शाळा दोन तास लांब आहे. आणि गल्लीतली तिची सगळी दोस्तमंडळी इथे येते. तिने एकटीनेच दोन तास लांब जाऊन काय पाप फेडायचं?"

"गणितबिणित शिकून ती तरी…" मोठ्या बाईंनी पुढचं गिळलं.

"ती तरी काय, बाई?"

मोठ्या बाईंनी अर्ज तिच्याकडे परत सरकवला.

"बरं," मावशी म्हणाली, "मग नकार लेखी द्या. कायद्याने कुठल्याच मुलाला शाळा नाकारता येत नाही. मी वाचलंय."

"नकार कोण देतंय? मी फक्त सुचवतेय!"

मावशी तडक शिक्षण कार्यालयात गेली. खिडकीतल्या कारकुनाचा चष्मा कपाळावर होता आणि तो बहुधा तिथेच राहायचा.

"नकाराचा कागद?"

"नकार तोंडी दिलाय."

"तोंडाला जावक क्रमांक नसतो, बाई. कागद आणा, तक्रार घेतो."

अशा पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला बाकावर शेजारी एक इस्त्रीवाली बसली होती. तिच्या मुलीला ऐकू येत नव्हतं. पलीकडे एक वायरमन, त्याच्या मुलीला दिसत नव्हतं.

"तुम्हाला काय म्हणाले?" मावशीने विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू म्हणाले," इस्त्रीवाली म्हणाली. "आमचं हे तिसरं पुढचं वर्ष चाललंय."

"आम्हाला म्हणाले, मुलगी फार गोड आहे," वायरमन म्हणाला. "गोड आहे हे मलाही माहितीय. प्रवेशाचं काय, ते कुणी सांगेना."

मग दर रविवारी ही मंडळी भावाच्या सायकलच्या दुकानात जमू लागली. अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या, कार्यालयासमोर फलक घेऊन उभे राहिले. दोन फलक वकीलबाईंनी स्वतः लिहिले. अक्षर वेडंवाकडं, पण लांबून दिसेल एवढं मोठं. येणारे-जाणारे "बिच्चारी" म्हणून पुढे जात. "बिच्चारी… कोण?" असं त्या विचारायला लागत, आणि प्रश्न पुरा होईपर्यंत माणूस कोपऱ्यावरून वळलेला असे.

भाऊ धास्तावला होता. "ताई, नोकरी जाईल तुझी."

"गेली तर तुझ्याकडे हवा भरायला बसेन. हात आहेत धड."

आता त्या शाळेची एक गंमत होती. कुठला वर्ग कुठल्या खोलीत, हे तिथे कधी कुणी ठरवलंच नव्हतं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मावशी वर्गांच्या पाट्या पुसायची आणि दारांवरच्या खिळ्यांना अडकवायची. पाटी असेल तिथे वर्ग. मुलं पाटी बघून आत शिरायची, शिक्षक मुलं बघून. 'तिसरी ब' वरच्या मजल्यावर टोकाला होती, कारण मावशीच्या आधीच्या शिपायाने ती कधीतरी तिथे टांगली होती. आणि खाली, ऑफिसला लागून, सगळ्यात मोठ्या खोलीत मोडके बाक, जुन्या ढाली आणि अर्धा फुटलेला पृथ्वीचा गोल आरामात नांदत होते.

त्या वर्षी आदल्या दिवशी मावशीबरोबर तिघं आली. भाऊ, वायरमन आणि इस्त्रीवाली. मोडके बाक वर गेले, धड बाक खाली आले. ढाली वर, फळा खाली. "पृथ्वी जपून न्या रे," मावशी जिन्यातून ओरडली. वायरमनने खोलीतला दिवा नीट केला. व्हरांड्याच्या दोन पायऱ्यांवर भावाने जाड फळ्यांचा उतार ठोकून बसवला. शेवटी मावशी स्टुलावर चढली आणि तिने पाटी अडकवली: तिसरी ब.

सकाळी घंटा झाली. चाळीस मुलांनी माना वर करून पाटी वाचली आणि ती गलका करत आत शिरली. मागून वर्गशिक्षिका आल्या. गुडघेदुखीने बेजार झालेली बाई.

"अगंबाई, खाली? मला विचारशील तर मावशी, हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं."

हजेरी झाली. पहिल्या बाकाच्या कडेला सायकलच्या चाकांची खुर्ची होती.

"आणि तू गं?"

"मी… एक्के…"

"एक्केचाळीस!" मागून कुणीतरी ओरडलं.

वकीलबाई थांबल्या. मागे वळून डोळे वटारले. "मी…" पहिल्यापासून. वर्ग आधी हसला, मग कुजबुजला, मग गप्प झाला. "…एक्केचाळीस… नंबर… आहे."

तेवढ्यात मोठ्या बाई दारात.

"मावशी! कुणाला विचारून वर्ग खाली आणलात?"

"दर वर्षी कुणाला विचारते?"

"पाटी वर नेऊन लावा. आत्ताच्या आत्ता!"

"नेते की. फक्त कशासाठी न्यायची तेवढं लिहून द्या."

मोठ्या बाईंचा चेहरा लालबुंद झाला. मुलांसमोर, शिक्षिकेसमोर, एका शिपायाने! "लेखी हवंय ना तुम्हाला? देते. आता लेखीच देते!"

मधल्या सुट्टीत मेमो हातात पडला. टाइप केलेला, सही-शिक्क्याचा, जावक क्रमांकासकट. 'आपण विनापरवानगी तिसरी ब हा वर्ग तळमजल्यावर आणला, तसेच अपंगत्वामुळे प्रवेश नाकारलेल्या मुलीस वर्गात बसवले. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

मावशीने तो उभ्या उभ्या वाचला. मग परत वाचला. सहा महिने जे वाक्य मिळत नव्हतं, ते शिपायाला झापायच्या नादात बाईंनी आपल्या हाताने दिलं होतं.

"बाई, अर्ध्या दिवसाची रजा हवी."

"आता रडायला?"

"दाखवायला."

कारकुनाचा चष्मा पहिल्यांदाच कपाळावरून नाकावर उतरला. "हे त्यांनी स्वतःहून दिलं?"

"शिक्षा म्हणून दिलं."

तो खो खो हसला, खुर्ची मागे सारून उठला आणि कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. बाहेर बाकावर इस्त्रीवाली आणि वायरमन हलायला तयार नव्हते. साहेबांनाच शेवटी बाहेर यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत आदेश आला: मुलीला प्रवेश द्यावा, वर्ग आहे तिथेच ठेवावा.

मेमो मात्र मागे घेतला गेला नाही. खुलासा द्यायचाच होता.

"लिहून टाक ना ताई, चूक झाली, माफ करा," भाऊ म्हणाला. "एक ओळ. विषय संपला."

"चूक…" वकीलबाईंनी सुरुवात केली. दोघं थांबली. "…झाली… नाही."

मावशीने लिहिलं: 'वर्ग मी खाली आणला. मुलीला मीच बसवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसवीन.' आणि खाली सही ठोकली.

मोठ्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "यात माफी कुठे आहे?"

"ती माझ्याकडे नाही, बाई. आणि हा आणखी एक अर्ज."

मावशी बाजूला सरकली. मागे इस्त्रीवाली, आणि तिचा हात धरून तिची मुलगी, एकटक बघत.

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मान खाली घालून त्या अर्ज चाळू लागल्या. "हिला तर ऐकूच येत नाही म्हणता. मग वर्गात बोललेलं हिला कळणार कसं?"

"ओठ वाचते ती," मावशी म्हणाली. "मान वर करा आणि तिच्याकडे बघून बोला. आत्तापासूनच सवय करा, बाई."